हजार यार्डांवर गोळी कुठे लागली, हे पूर्वी कसं कळायचं?

वाऱ्याची_दिशा:

रायफल रेंजच्या इतिहासावर एक टिपण लिहितो आहे. सामने कधी झाले, कोण जिंकलं हे सगळीकडे मिळतं. रेंज प्रत्यक्षात चालायची कशी, हे मात्र कुठे नीट सापडत नाही. जाणकारांनी मदत करावी. प्रश्न असे:

१) १८६० च्या सुमारास ८०० ते १००० यार्डांवरून मारलेली गोळी टार्गेटवर नेमकी कुठे बसली, हे नेमबाजाला कोण आणि कसं सांगायचं?
२) तेव्हा टार्गेटं लोखंडी असायची असं वाचलं. मग ती गेली का?
३) बुल, म्हणजे टार्गेटचा सर्वाधिक गुणांचा मधला भाग, आधी चौकोनी होता हे खरं आहे का?
४) लंडनजवळची विम्बल्डन, न्यूयॉर्कजवळची क्रीडमूर अशा नावाजलेल्या रेंजा बंद का पडल्या? निव्वळ वस्ती वाढली म्हणून, की आणखी काही?

पिटमधला_मार्कर:

चांगले प्रश्न आहेत. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

विम्बल्डनचा पहिला मेळावा जुलै १८६० चा. ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन आदल्याच वर्षी, १८५९ मध्ये स्थापन झाली होती. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली: व्हिटवर्थ रायफल लोखंडी आधारावर पक्की बसवलेली, अंतर ४०० यार्ड, आणि राणीने फक्त चापाला बांधलेली दोरी ओढायची. गोळी मध्यापासून सव्वा इंचावर बसली. हा प्रसंग सगळे सांगतात. ती सव्वा इंचावर बसली हे फायरिंग पॉइंटवर, म्हणजे गोळी झाडतात त्या जागी, कळलं कसं, तिथे तुमचा प्रश्न सुरू होतो.

त्या काळचं टार्गेट म्हणजे ओतीव लोखंडाच्या जाड पाट्या. एक पाटी ६ फूट उंच आणि २ फूट रुंद. अंतर जितकं जास्त, तितक्या जास्त पाट्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या. लांब पल्ल्याच्या टार्गेटला सहा पाट्या लागत, म्हणजे रुंदी १२ फूट. त्यावर चुना फासायचा आणि काळ्या रंगाने बुल काढायचा. आता चौकोनाचं कोडं सुटतं. सरळ कडांच्या पाट्यांवर सरळ रेघा ओढणं सोपं, आणि रंग खरवडला गेला की तेच माप पुन्हा आखणंही सोपं. लांब पल्ल्याचा बुल ३ फुटांचा चौरस होता, त्याभोवती ६ फुटांचा चौरस म्हणजे सेंटर, आणि दोन्ही बाजूंना उरलेली जागा म्हणजे आउटर. गुण अनुक्रमे ४, ३ आणि २. त्यामुळे मध्यापासून ३ फुटांहून जरा जास्त वर गेलेल्या नेमाला शून्य मिळे आणि तेवढाच बाजूला गेलेल्याला २ गुण. गोल बुल रुळला तो १८७० च्या दशकात. १००० यार्डांसाठी त्याचा व्यास ३६ इंच ठरला. तेव्हाच गुणांची शिडी ५, ४, ३, २ अशी झाली.

मार्कर, म्हणजे गोळी कुठे बसली ते कळवणारा माणूस, टार्गेटच्या पुढे, जरा बाजूला, लोखंडी किंवा मातीच्या आडोशात बसायचा. शिशाची मऊ गोळी लोखंडावर आपटली की चपटी होऊन फुटते आणि चुन्यावर करडा डाग उमटतो. डाग पाहून मार्कर ठरलेल्या रंगाचा बावटा वर करी. बुलला एक रंग, सेंटरला दुसरा, आउटरला तिसरा. काही रेंजांवर बावट्याऐवजी लांब काठीच्या टोकाला रंगीत चकती असे. ती थेट डागावर टेकवली की गुणाबरोबर जागाही कळे. लाल बावटा वर असेपर्यंत गोळीबार बंद. मग मार्करने बाहेर यायचं, चुन्याचा ब्रश डागावर फिरवायचा, पुन्हा आडोशाला जायचं आणि बावटा खाली घ्यायचा.

लोखंडावर आपटल्याचा आवाज येतोच, तर तेवढ्यावर भागत नसे का, असं वाटेल. नाही भागत. काळ्या दारूच्या त्या रायफलची गोळी १००० यार्ड जायला सुमारे ३ सेकंद घेई आणि आवाज परत यायला आणखी पावणेतीन. तोवर शेजारच्या दोन टार्गेटांवर गोळ्या बसलेल्या असत. शिवाय आवाज बुलचा आणि आउटरचा सारखाच.

लोखंड गेलं त्याची कारणं:

शिंतोडे. गोळी पाटीवर फुटली की शिशाचे कण पाटीला समांतर, चारी बाजूंना उडतात. म्हणून आडोसा टार्गेटच्या अगदी रेषेत ठेवता येत नसे. तो पुढे घ्यावा लागे, आणि पुढे घेतला की डाग तिरका दिसे.

खड्डे. एकाच जागी शेकडो गोळ्या बसल्या की पृष्ठभाग सपाट राहत नाही. मग शिंतोडे कुठल्याही दिशेला, कधी कधी नेमबाजांच्या बाजूलाही उडतात. दोन पाट्यांच्या सांध्यावर बसलेली गोळी तर सर्वांत वाईट.

वेळ. रंगासाठी दर वेळी गोळीबार थांबवायचा. न थांबवता पाच-सहा डाग साठू दिले, तर नवा कोणता यावर भांडण.

आणि शेवटी आवरणाची गोळी. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याची .३०३ ली-मेटफोर्ड रायफल आली. तिच्या गोळीला शिशावर धातूचं आवरण होतं. अशी गोळी ओतीव पाटीवर डाग ठेवत नाही, पाटीच फोडते. तोवर चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासचं टार्गेट बऱ्यापैकी रुळलं होतं, त्यानंतर लोखंडाला लांब पल्ल्यावर जागाच उरली नाही.

कॅनव्हासबरोबर आला पिट, म्हणजे टार्गेटखालचा खंदक. मार्कर आता पुढे नाही, टार्गेटच्या थेट खाली, आणि त्याच्यापुढे मातीने झाकलेली भिंत. टार्गेट उभ्या चौकटीत वरखाली सरकतं आणि वजनाने तोललेलं असल्यामुळे एका माणसाला ओढता येतं. फुलबोअरच्या, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या रायफलींच्या रेंजवर काम आजही जवळपास तसंच चालतं:

गोळी डोक्यावरून जाताना ‘टक्क’ असा कोरडा आवाज येतो, त्याच क्षणी मागच्या बांधावर वाळू उडते. टार्गेट खाली ओढा. नवं भोक शोधा. आधीच्या भोकातली खूणचकती काढून त्यावर कागदाचा तुकडा खळीने चिकटवा, पांढऱ्यावर पांढरा, काळ्यावर काळा. खूणचकती नव्या भोकात खोचा. कडेची गुणपट्टी त्या गुणाच्या जागी लावा. टार्गेट वर. सरावलेला मार्कर हे १० सेकंदांच्या आसपास उरकतो.

चुका दोनच ठिकाणी होतात. एक, शेजारच्या टार्गेटवरची ‘टक्क’ आपली समजून टार्गेट खाली ओढणं, नेमका तेव्हाच आपला नेमबाज चाप ओढतो. दुसरी, गोळी जुन्या भोकाला खेटून जाणं. मग नवं भोक सापडत नाही आणि चांगल्या नेमाला ‘चुकला’ असा निरोप जातो. यावर उपाय एकच, कानाइतकीच नजर मागच्या वाळूवर ठेवायची. वाळू आपल्या टार्गेटच्या रेषेत उडाली असेल, तर भोक आहेच, पुन्हा शोधा.

जुनी_नळी:

वरच्या प्रतिसादात भर घालतो. १८६० ही सुरुवात नव्हे. जर्मनभाषक मुलुखात आणि स्वित्झर्लंडमध्ये नेमबाजांच्या मंडळ्या शेकडो वर्षं जुन्या. त्या आधी आडधनुष्याच्या होत्या, मग बंदुकीच्या झाल्या. त्यांचं टार्गेट म्हणजे लाकडी गोल तबकडी. ती चित्रांनी रंगवायची आणि लग्न, विजय, पाहुण्यांचं आगमन अशा निमित्ताने नेम मारून झाला की भोकांसकट जपून ठेवायची. अशा तबकड्या तिकडच्या संग्रहालयांत आजही दिसतात. स्विस नेमबाजांचा पहिला संघीय मेळावा आराऊ इथे १८२४ मध्ये भरला, म्हणजे विम्बल्डनच्या ३६ वर्षं आधी. म्हणून चौकोनी बुल ही इंग्रजी लोखंडाची देणगी आहे, नेमबाजीचा मूळ आकार गोलच, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या भाषेतल्या ‘चांदमारी’ शब्दातही टार्गेटाचा गोल, म्हणजे चांदच आहे.

टार्गेटमागच्या मातीच्या बांधाला इंग्रजीत ‘बट’ म्हणतात, तो शब्दही मुळात बंदुकीचा नाही. धनुर्धारी सरावासाठी मातीचा उंचवटा करत, त्याला इंग्रजीत बट म्हणत. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सणासुदीला लोकांनी इतर खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करावा असा हुकूम काढला होता. बाण गेले, बंदुका आल्या, उंचवट्याचं नाव तेच राहिलं.

मार्किंगमध्ये एका चुकीच्या टार्गेटावरून केवढा फरक पडतो, याचं उदाहरण टिपणात जरूर घ्या. २६ सप्टेंबर १८७४, क्रीडमूर. आयर्लंड विरुद्ध अमेरिका, संघात सहा-सहा नेमबाज, अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी १५ गोळ्या. आयरिश रायफली तोंडाकडून भरायच्या, अमेरिकन रेमिंग्टन आणि शार्प्स मागून भरायच्या. आयर्लंडच्या मिलनरची एक गोळी बुलमध्ये बसली, पण शेजारच्या टार्गेटच्या बुलमध्ये. गुण शून्य. अमेरिकेची शेवटची गोळी उरली तेव्हा आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. कर्नल बोडाइनने कापलेल्या हाताला रुमाल गुंडाळून ती मारली आणि बुल साधला. ९३४ विरुद्ध ९३१. मिलनरचे ४ गुण धरले असते तर आयर्लंड ९३५ होतं. दुसऱ्याच्या टार्गेटवर गेलेली गोळी म्हणजे शून्य, हा नियम आजही तसाच आहे. उलट ज्याच्या टार्गेटवर एक गोळी जास्त आली आणि त्यातली त्याची कोणती हे ठरवताच आलं नाही, त्याला त्यांतली जास्त गुणांची मिळते.

मातीचा_बांध:

चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो. वस्ती वाढली हे खरं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं गोळीत आहे.

ली-मेटफोर्डच्या आधीच्या ब्रिटिश सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलची शिशाची गोळी नळीतून सुमारे १३५० फूट प्रति सेकंद वेगाने निघे. कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूवरची .३०३ सुमारे २००० फुटांनी. वेग वाढला, गोळी बारीक आणि लांबट झाली, आवरणामुळे आपटून फुटेनाशी झाली. परिणामी बांधावरून निसटलेली गोळी कितीतरी लांब जाऊ लागली. जी रेंज आधी पुरेशी होती, तिच्यामागे आणखी मोकळं रान लागलं, आणि विम्बल्डनभोवती तेव्हाच घरं उभी राहत होती. १८८९ चा मेळावा तिथला शेवटचा. १८९० पासून मेळावा सरे परगण्यातल्या बिस्लेला, खुरट्या झुडपांच्या मोकळ्या माळावर. नेमबाजांना नेण्यासाठी ब्रुकवुड स्टेशनपासून रेल्वेचा फाटा टाकावा लागला. अमेरिकेत क्रीडमूरचे सामने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या सी गर्टला गेले आणि १९०७ पासून राष्ट्रीय सामने ओहायोतल्या कँप पेरीत भरू लागले. क्रीडमूरच्या जागेवर पुढे मनोरुग्णालय उभं राहिलं. आज हे नाव बहुतेकांना ६.५ क्रीडमूर काडतुसामुळे ठाऊक असतं.

बांधाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो की मातीचा ढीग उंच केला की झालं. उंचीपेक्षा उतार आणि माती महत्त्वाची.

उतार जितका उभा, तितकं बरं. चढण सौम्य असेल तर गोळी आत घुसण्याऐवजी घसरत वर जाते आणि माथ्यावरून निघून जाते. पण कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा उभी राहत नाही, पाऊस पडला की आणखी ढासळते. म्हणून बांधाची चढण दर पावसाळ्यानंतर मोजून पुन्हा चढवावी लागते. गोळी बसते त्या तोंडाकडच्या थरात खडा नको, वाळू चाळूनच घालायची. मागचा गाभा कसलाही चालतो.

खरा घात होतो तो शिशाच्या गाठीमुळे. टार्गेटचा मध्य ठरलेला, म्हणून त्यामागे बांधात गोळ्याही एकाच ठिकाणी साठत जातात. वरून वाळू दिसते, आत धातूचा गोळा. नव्या गोळ्या त्यावर आपटून कुठेही उडतात. बाहेरून ओळखायची खूण म्हणजे टार्गेटच्या मागे बांधात पडलेला वाटीसारखा खळगा. तो नुसता भरून काढू नका. आधी आतली वाळू खणून काढा, चाळा, शिसं वेगळं करा, मग नवी वाळू भरा. चाळताना वाळू किंचित ओली ठेवायची आणि तोंडावर मास्क हवा, कारण त्या धुळीत शिसं असतं.

पल्ला वाढल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली, ती टिपणात कमी पडू देऊ नका. नेमबाजी घरात आली. मार्टिनीच्या नळीत बारीक नळी बसवायची, मॉरिस ट्यूब म्हणत तिला, आणि छोट्या काडतुसाने बंदिस्त जागेत सराव करायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने सामान्य माणसाला नेम शिकवण्याचा आग्रह धरला आणि ब्रिटनमध्ये .२२ या छोट्या काडतुसाच्या क्लबांची लाट आली. अंतर फक्त २५ यार्ड, त्यामुळे मोठा वाडा, तळघर, शाळेचा हॉल, काहीही चाले. तिरक्या पोलादी पत्र्यावरून गोळी खाली वाळूच्या पेटीत उतरवायची, एवढीच मांडणी. पण .२२ लहान म्हणून उघड्यावर बेफिकीर राहू नये. .२२ लाँग रायफल या काडतुसाची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून उघड्या रेंजवर आडव्या फळ्या अशा लावतात की नेमबाजाला त्याच्या जागेवरून आकाशाची फटसुद्धा दिसू नये.

वाऱ्याची_दिशा:

मिलनरचा हिशोब आणि शिशाची गाठ, दोन्ही मला अजिबात ठाऊक नव्हतं. मनापासून आभार. आता टिपणाच्या शेवटच्या भागाविषयी विचारतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटमध्ये कॅमेरा असतो का? आणि ते कधी चुकतं का, की आता मार्किंगचे वाद संपले?

दशांश:

बहुतेक जुन्या-नव्या टार्गेटांत कॅमेरा नसतो, कान असतात. काही प्रकाशकिरणांवर चालतात, विशेषतः १० मीटरची. पण कानांची आधी सांगतो, कारण चुका तिथेच समजून घ्याव्या लागतात.

चौकटीच्या कोपऱ्यांत मायक्रोफोन असतात. गोळी जाताना किंवा पडदा फोडताना उठलेली लाट प्रत्येकापर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोचते. या वेळांच्या फरकावरून जागा काढली जाते. त्यासाठी आवाजाचा वेग ठाऊक हवा, आणि तो तापमानाबरोबर बदलतो: ० अंशाला ३३१ मीटर प्रति सेकंद, पुढे दर अंशाला सुमारे ०.६ ने जास्त. म्हणून आत तापमापक असतो. तो १० अंशांनी चुकला, समजा टार्गेटवर थेट ऊन पडतंय आणि तापमापक सावलीत आहे, तर वेग जवळपास १.८ टक्क्यांनी चुकतो.

ही चूक सगळीकडे सारखी नसते. गोळी बरोबर मध्यात गेली तर चारही वेळा समान, वेग काहीही धरा, उत्तर मध्यच. मध्यापासून जितकं दूर, तितकी चूक मोठी. मध्यापासून २.५ मिमीवर ती ०.०४५ मिमी, तर २० मिमीवर ०.३६ मिमी.

हे आकडे किती मोठे, ते १० मीटर एअर रायफलवरून बघा. दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, छर्रा ४.५ मिमीचा. छऱ्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा, म्हणून छऱ्याचा मध्य २.५ मिमीच्या आत हवा. दशांश गुणांत हेच २.५ मिमी दहा भागांत वाटले जातात, एक भाग ०.२५ मिमी. १०.९ हवे तर छऱ्याचा मध्य पाव मिलिमीटरच्या आत. ५० मीटरवर .२२ ला तोच हिशोब ८ मिमीचा, दशांशाची पायरी ०.८ मिमी. कागदावर भोकात गेज, म्हणजे मापाची खुंटी, घालून पाव मिलिमीटर मोजणं वादाशिवाय शक्य नाही, म्हणून दशांश मोजणीला यंत्राचा आधार लागतो. २०१३ पासून एअर रायफलची पात्रता फेरीही दशांशात मोजतात. ६० गोळ्या, कमाल ६५४.

वाद संपले का? नाही, जागा बदलली. नेहमी दिसणारे दोष:

१० मीटरच्या टार्गेटात कागदाची पट्टी प्रत्येक छऱ्यानंतर पुढे सरकते. ती अडकली की पुढचा छर्रा आधीच्याच भोकातून जातो, कागद फाटण्याचा स्वच्छ आवाज होत नाही, आणि पडद्यावर शून्य किंवा भलतीच जागा येते. अशा वेळी पुढची गोळी झाडायची नाही. हात वर करून पंचाला बोलवायचं आणि पट्टी तशीच राहू द्यायची, तोच पुरावा. स्वतः पट्टी सरकवली तर तपासायला काही उरत नाही.

लांब पल्ल्याच्या उघड्या टार्गेटाला गोळीची आघातलहर लागते, म्हणजे गोळी आवाजापेक्षा वेगाने जाताना उठणारी लाट. १००० यार्डांवर ७.६२ मिमी रायफलची गोळी ध्वनीच्या वेगाच्या जवळ उतरते. थंड हवेत किंवा कमी वेगाच्या काडतुसाने ती त्याखाली गेली, की लहर उठतच नाही आणि यंत्र ‘चुकला’ म्हणतं. पिटमधला मार्कर मात्र भोक बघून गुण देऊ शकला असता. जोराचा आडवा वारा आवाजच बाजूला वाहून नेतो, तो दोष वेगळा.

चौकट किंचित सरकलेली असेल तर सगळेच नेम एका बाजूला दिसतात, आणि नेमबाज रायफलची साइट (नेम धरायची खूण) फिरवून ती चूक स्वतःवर ओढवून घेतो.

तपासणीची पद्धत सोपी आहे. टार्गेटच्या तोंडावर कागद घट्ट लावा, १० गोळ्या मुद्दाम पसरून मारा, मध्यात नकोत. मग कागदावरच्या भोकांमधली अंतरं मोजून पडद्यावरच्या अंतरांशी ताडा. सगळीच अंतरं सारख्या प्रमाणात कमी-जास्त असतील, तर तापमापक बघा. अंतरं बरोबर पण सगळा गट सरकलेला असेल, तर चौकट बघा. एकाच कोपऱ्याकडे चूक वाढत असेल, तर तिथला मायक्रोफोन.

पिटमधला_मार्कर:

दशांश यांनी तपासणीसाठी टार्गेटच्या तोंडावर कागद लावायला सांगितला, सामन्यात तो मागे लावतात. टार्गेटमागचा कागद हा यंत्राने काहीही सांगितलं तरी उरणारा पुरावा आहे. मोठ्या सामन्यांत यंत्रामागे कागद लावतात तो याचसाठी. गोळी नोंदलीच गेली नाही अशी तक्रार आली, की पंच आधी मागचा कागद आणि टार्गेटमधली रबराची पट्टी काढून घेतात, मगच यंत्राची नोंद बघतात.

माझ्या आधीच्या प्रतिसादात एक राहिलं. लोखंडावर असो की कॅनव्हासवर, जमिनीला लागून उसळून आलेली गोळी टार्गेटवर बसली तर तिचा गुण नसे. लोखंडावर तिचा डाग लांबट, फरपटल्यासारखा उमटे. कॅनव्हासवर भोक गोल न पडता चिरीसारखं पडतं. संशय आला तर टार्गेटपुढच्या मातीत ताजी चर आहे का ते बघायचं. त्यामुळे टार्गेटपुढची जमीन सामन्याआधी फावड्याने सारखी करून ठेवावी लागते, जुन्या चरांत नवी ओळखू येत नाही.